जोडीनं पडणारे हात

भावसिंगपुऱ्याच्या भीमनगरात, विहाराच्या ओसरीत, साहेबराव पहिल्यांदा ढोलकी मांडीवर घेऊन बसले तेव्हा समोरच्या बायकांनी एकमेकींकडे कौतुकानं पाहिलं. काय तो रुबाब! पांढरा सदरा, ताठ पाठ, डावा गुडघा असा टेकवलेला की या माणसानं जन्मभर दुसरं काही केलंच नसावं. काही माणसं नुसती येऊन बसली तरी अर्धा खेळ जिंकतात. साहेबराव त्यातले.

गोजरबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, सूर धरला. पहिली ओळ झाली. मानेनं खूण केली. साहेबरावांनी हात उचलले. दोन्ही. एकदम.

धाड!

थाप अशी पडली की ओसरीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. साहेबरावांनी दोन्ही हात छातीपाशी मागं घेतले, क्षणभर थांबले, आणि पुन्हा दोन्ही हात एकदम. धाड! परत मागं. परत धाड!

गोजरबाईंचा सूर हसण्यात बुडाला. बायकांच्या गायन मंडळाच्या म्होरक्या पारूबाई यांनी तर पदरच तोंडावर घेतला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "ढोलकी हाय ती. पत्रा नाय दाबायचा तिच्यात!"

साहेबरावही हसले. पण कान लाल झाले होते, कारण पारूबाई गमतीत जे बोलल्या ते अगदी शब्दाला शब्द खरं होतं.

साहेबराव मूळचे पाचोडचे. ऐन पंचविशीत वाळूजला आले आणि एका कारखान्यात पॉवर प्रेसवर लागले. गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग तयार करायचं काम. प्रेस म्हणजे लोखंडाचा एक भलामोठा जबडा. त्यात पत्रा ठेवायचा आणि मशीनच्या दोन बाजूंना असलेली दोन हिरवी बटणं दोन्ही तळहातांनी एकाच क्षणी दाबायची. एकच दाबलं तर जबडा जागचा हलत नाही. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे जबड्यात एकही हात नाही, एवढाच त्यामागचा हिशेब.

त्यांना काम शिकवलं ते रशीदभाईंनी. जुन्या शहरातला माणूस, तोंडात कायम पान. रशीदभाईंच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. आधीच्या एका वर्कशॉपमध्ये घाईघाईत त्यांनी एका बटणात लाकडाची पाचर ठोकली होती, एका हातानं काम उरकावं म्हणून. तोच तीन बोटांचा हात नव्या पोरासमोर धरून ते रोज सकाळी सांगत, "दोनो हाथां, मियाँ. नींद में भी दोनो हाथां."

साहेबरावांनी ते ऐकलं. बाजूचे कारागीर पाळी सुटायच्या घाईत पाचर मारायचे. साहेबरावांनी कधी मारली नाही. तीस-बत्तीस वर्षं त्यांचे हात जोडीनं पडत राहिले. निरोप समारंभाच्या दिवशी त्यांनी व्यासपीठावर दोन्ही पंजे उघडून दाखवले. दहाच्या दहा बोटं! रशीदभाई आता नव्हते, पण त्या दिवशी टाळ्या वाजल्या त्यातली निम्मी दाद त्यांचीच होती.

आता अशा हातांना ढोलकी कशी काय आठवली?

त्याला कारण गोजरबाई. गोजरबाई लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून भीमजयंतीला विहारासमोरच्या मांडवात गात आल्या आहेत. आवाज मोकळा, शेताच्या बांधावरून हाक मारावी तसा. साऱ्या भीमनगरानं तो ऐकला, फक्त घरच्या माणसानं नाही. कधी दुसरी पाळी, कधी लाइनवर माणूस कमी, कधी बस छावणीपाशी मिरवणुकीच्या गर्दीत अडकलेली. साहेबराव पोचायचे तेव्हा मांडवात सतरंज्या गोळा करणं चाललेलं असायचं. गोजरबाईंनी कधी तक्रार केली नाही. डब्यात काढून ठेवलेली खीर पुढं करून म्हणायच्या, "झालं बरं का गाणं." एवढंच.

त्या "झालं बरं का" नंच त्यांना टोचलं असावं. निवृत्त झाले, आणि त्याच सुमारास मंडळाचा ढोलकीवाला शिवम नोकरीसाठी पुण्याला गेला. पारूबाईंनी उपाय काढला: मोबाईलवर नुसत्या संगीताचा ट्रॅक लावायचा आणि त्यावर गायचं. एक तालीम तशी झालीसुद्धा. गोजरबाई कडव्याच्या मध्ये दम घ्यायला थांबल्या, तर ट्रॅक आपला पुढं निघून गेला.

"मी नाय गाणार त्याच्यासंगं," त्यांनी घरी येऊन सांगून टाकलं. "ते कोणासाठी थांबत नाय. मेलं कुणाकडं बघतबी नाय."

"मग?"

"मग औंदा नाय गाणार. पोरी गातेल."

साहेबरावांनी तांब्या खाली ठेवला. ज्या वर्षी आपण पहिल्यांदा वेळेवर मांडवात बसणार, त्याच वर्षी ही गाणार नाही? ते उठले, चपला घातल्या आणि मोतीराम मास्तरांच्या दारात जाऊन उभे राहिले.

मोतीराम मास्तर हे एके काळचे जलशातले ढोलकीवाले. गॅसबत्तीच्या उजेडात, ट्रकच्या फाळक्यावर, देवगाव रंगारीपासून पार पैठणच्या पट्ट्यापर्यंत त्यांची ढोलकी घुमलेली. लोक कंदील घेऊन बैलगाड्यांनी यायचे आणि पहिली थाप पडली की रडणारी पोरंही गप्प व्हायची, असे ते दिवस. आता मास्तरांची बोटं थरथरतात, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. कान मात्र शाबूत. साहेबरावांचं बोलणं ऐकून त्यांनी खुंटीवरची ढोलकी काढली, खोळ उतरवली आणि म्हणाले, "वाजव."

साहेबरावांनी वाजवली. धाड!

मास्तर डोळे मिटून त्या थापेचा नाद विरेपर्यंत ऐकत राहिले. "व्वा," ते म्हणाले. "दोन्ही हात इतके बरोबर एका टायमाला पडणं, गड्या, लोकं वर्ष-वर्ष घासतेत तेव्हा येतं. हा झाला धा. तुझा धा लाखात एक हाय. पण केरव्याच्या आठ बोलांत धा एकदाच येतो. आता हे बघ. गे. गे म्हंजी नुसता डावा."

साहेबरावांनी डावा उचलला. उजवाही उठला.

"नुसता डावा."

पुन्हा दोन्ही.

"उजव्यावर बस तू," मास्तर म्हणाले.

साहेबराव खरोखर उजवा हात मांडीखाली घेऊन बसले. डावा पडला, नीट पडला, पण मांडीखालचा उजवा दाबासरशी असा फुरफुरला की साहेबराव एका अंगानं उचलले गेले. मास्तरांना हसता हसता ठसका लागला.

हेच हात घेऊन ते मंडळाच्या तालमीला गेले आणि कबुतरं उडवून आले. तालीम संपल्यावर पारूबाईंनी निकाल दिला. बाई तोंडाची फटकळ, पण मनाची सरळ. "मार्च सरेपर्यंत ठेका बसवा भाऊजी. बसला तर तुमी, नाय बसला तर मोबाईल. पुना म्हनू नका सांगितलं नाय."

त्या दिवसापासून घरात धाड-धाड सुरू झाली. साहेबराव सकाळी बसत, दुपारी बसत. चूक झाली की वेग वाढवत, वेगात हातांना कळणारच नाही या आशेनं. हात हुशार, त्यांना बरोबर कळायचं. आठवडा गेला, दुसरा गेला, आणि ठेका बसायच्या ऐवजी चूकच जास्त गोळीबंद होत चालली. एका संध्याकाळी त्यांनी ढोलकी कपाटावर उलटी ठेवून दिली.

"खराब झालेत माझे हात," ते म्हणाले. "मशीननं खराब केले."

त्यांची मुलगी करुणा नुकतीच कामावरून आली होती. ती एका दवाखान्यात फिजिओथेरपीचं काम करते. लकवा झालेल्या माणसांना पुन्हा घास उचलायला, बटण लावायला शिकवते. चहा ओतता ओतता ती म्हणाली, "पप्पा, खराब नाही झाले. पक्के झालेत. त्यात फरक आहे."

"काय फरक?"

"एखादी गोष्ट आपण परत परत करतो ना, तेव्हा डोक्यात तिची वाट पडते. माळावरून माणसं रोज गेली की पायवाट पडते तशी. तुमची ती दोन हातांची वाट तर हायवे झालाय. हात उचलायचा म्हटलं की सगळी वाहतूक तिकडूनच जाते."

"मग तो हायवे खणून काढू?"

"कशाला? त्यानंच बोटं वाचवलीत तुमची. तो राहू दे. शेजारून दुसरी वाट पाडा. पण हळू चालून. तुम्ही पळत सुटता आणि पळताना जुन्याच वाटेला लागता. चुकत चुकत वाजवलं की डोकं ती चूकच शिकतं, त्याला काय माहीत तुम्हाला काय हवंय ते! माझ्याकडचे पेशंट एक घास उचलायला कितीतरी वेळ लावतात. पण नीट उचलतात. मग थांबतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा."

"आणि किती दिवस?"

"ते डोक्याला विचारा," करुणा हसून म्हणाली. "आणि दमलात की झोपा. झोपेत डोकं दिवसभराचं काम घोटत असतं."

हा शेवटचा सल्ला साहेबरावांना एकदम मान्य झाला. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ते खाटेवर आडवे झाले आणि थोड्याच वेळात घोरू लागले. गोजरबाई शेजारी बसून मेथी निवडत होत्या. त्यांची नजर सहज नवऱ्याच्या छातीवर ठेवलेल्या हातांवर गेली.

हात हलत होते.

नवीन काही नव्हतं. लग्नापासून त्या हे बघत आल्या होत्या. पाळी करून आलेला माणूस झोपला तरी हात कामावरच असायचे. आधी आधी त्या घाबरायच्या, मग सवय झाली. निवृत्तीला इतके महिने झाले तरी हातांनी काही राजीनामा दिला नव्हता. पण आज गोजरबाईंच्या कानात दिवसभर केरवा घुमत होता, म्हणून त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं. दोन्ही हात खाली पडले: बटणं दाबली. मग एकटा डावा हलला: नवा पत्रा उचलला. मग एकटा उजवा: तयार झालेला भाग जबड्यातून काढला. पुन्हा उजवाच: तो भाग बाजूच्या ट्रॉलीत टाकला. आणि पुन्हा दोन्ही.

गोजरबाईंच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. त्यांनी हळू आवाजात, हातांच्या चालीवर, बोल म्हणून पाहिले. "धा... गे... ना... ती... धा... गे... ना... ती..."

मग मात्र त्यांच्यानं राहवेना. "अवो! उठा! करुणाचे पप्पा, उठा!"

"काय झालं? बस आली?" साहेबराव दचकून उठले.

"बस कुठली! तुमी वाजवायलेत!"

"कोण? मी? झोपलोय मी."

"झोपेतच वाजवायलेत. तुमचा डावा येगळा चालतोय, उजवा येगळा चालतोय. इतकी वर्सं चालतोय! तुमी नुसतं बटनाचं ध्यान धरून बसले. पत्रा काय तुमच्या बापानं उचलून ठेवला व्हय मशीनमधी?"

साहेबराव खाटेवर पाय सोडून बसले. डोळे मिटले. समोर प्रेस उभा केला: तेलाचा वास, डाव्या हाताला पत्र्यांची चवड, उजव्या हाताला ट्रॉली. दाबलं. उचलला. काढला. टाकला. त्यांचे हात हवेत चालू लागले, आणि गोजरबाई समोर उभ्या राहून बोल म्हणू लागल्या. धा गे ना ती.

आता एखाद्या नाटकात इथंच टाळ्या पडल्या असत्या आणि पडदा खाली आला असता. खऱ्या घरात तसं होत नाही. साहेबरावांनी लगेच ढोलकी उतरवली, मांडीवर घेतली, डोळे उघडले, आणि पहिलीच थाप: धाड!

पण आता ते चिडले नाहीत. रस्ता कुठून जातो हे कळलं होतं. ते मास्तरांकडे गेले आणि घडलं ते सांगितलं. मास्तर खूष होऊन म्हणाले, "म्हंजी निम्मा ठेका कंपनीनंच शिकवला. उरला निम्मा, ना के धिं ना, तो मी देतो. पण एक सांगतो. मला माझ्या उस्तादानं ट्रकमधी बसवून एक बोल दिला. आमची पार्टी औरंगाबादहून निघाली, जालना मागं पडलं, तरी मी मांडीवर तोच एक बोल. म्हटलं, उस्ताद, दुसरा द्या. म्हणले, हा तुला येतोय तवर दुसरा नाय. हा येईनासा झाला की सांग. म्हंजी कसं? म्हणले, तू वाजवतोस हे तुला कळेनासं झालं पायजे."

साहेबराव तसेच बसू लागले. हळू. इतकं हळू की दोन बोलांच्या मध्ये गोजरबाई भाकरी उलटून घ्यायच्या. धा. गे. हात जोडीनं उठू लागले की थांबायचं, पुन्हा पहिल्यापासून. सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं. काही दिवस असे जायचे की काल जमलेलं आज हरवायचं. मग एखाद्या सकाळी उठून बसावं आणि आदल्या संध्याकाळी अडलेला 'के' आपोआप पडावा, जणू रात्री कुणीतरी येऊन दुरुस्ती करून गेलं. "मी सांगितलं होतं," करुणा चप्पल घालता घालता म्हणायची. रिक्षाच्या रांगेत, दूध घेताना, विहारात वंदनेआधी बसल्यावर साहेबरावांची बोटं मांडीवर चालत असायची. शेजारी विचारायचे, "काय हो, कंप सुटला का काय?"

"व्हय," साहेबराव सांगायचे. "केरव्याचा."

मार्च सरला. पारूबाईंनी तालमीला बोलावलं. साहेबराव मान खाली घालून, हातांवर डोळे रोखून, अख्खं गाणं वाजवून गेले. शेवटी एकदा दोन्ही हात चुकून जोडीनं पडले, पण नेमके धावर पडले, म्हणून कुणाला कळलं नाही.

"चालल," पारूबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द म्हणजे मानपत्रच.

पण घरी येताना साहेबराव पाय ओढत चालत होते. गोजरबाईंनी विचारलं, "काय झालं? पास झालेत ना?"

"झालो. पण तू काय गायलीस ते मला ठावं नाय."

"आँ?"

"सगळं ध्यान हातात. तुझा आवाज लांबून आल्यावानी. ऐकायसाठी तर बसलो होतो मी."

गोजरबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि घर येईपर्यंत नवऱ्याच्या बाजूनं चालत राहिल्या.

जयंतीचा दिवस आला. निळ्या झेंड्यांनी गल्ली भरली. मिरवणूक शहरातून परत आली, मांडवात दिवे लागले, लहान मुलं पुढं येऊन बसली. मोतीराम मास्तरांना खुर्ची दिली होती. त्यांनी ती नाकारली आणि सतरंजीवरच बसले, ढोलकीच्या जवळ. पहिलं गाणं पारूबाईंचं. साहेबराव हात बघत वाजवत होते. मध्येच एकदा जुनी वाट आडवी आली, धाड झालं, पुढची पोरं खिदळली. साहेबराव चेहऱ्यावर काही न दाखवता पुढच्या धाला ठेक्यात आले. मास्तरांनी मान डोलावली. चुकल्यावर परत येता येणं, यालाच ते वाजवणं म्हणत.

मग गोजरबाई माईकपाशी आल्या. पहिलं कडवं झालं. दुसऱ्या कडव्याची ओळ वर चढली, आणि अर्ध्यावर त्यांचा आवाज थांबला. दम लागला होता. गोजरबाईंनी मागं वळून पाहिलं.

साहेबराव त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी नुसती मान हलवली: घे सावकाश, मी आहे. ढोलकी चालू होती. एक फेरा गेला, दुसरा गेला, तिसरा. आवाज किंचित खाली उतरवलेला, पाहुण्याला दारात थोपवून धरावं तसा. गोजरबाईंनी श्वास घेतला आणि पुढच्या धावर ओळ उचलली ती अशी की मागच्या रांगेतले लोक उभे राहिले.

साहेबरावांना मग एक गोष्ट जाणवली. आपण किती वेळ हातांकडे पाहिलंच नाही! हात खाली कुठंतरी आपापलं काम करत होते, डावा वेगळा, उजवा वेगळा, मुकादम नसतानाही चालणाऱ्या चांगल्या पाळीसारखे. आणि डोकं अगदी रिकामं, धुतलेल्या पाटीसारखं. त्या रिकाम्या जागेत गोजरबाईंचा आवाज आला. लांबून नाही. जवळून. तिसऱ्या कडव्यात त्या एका शब्दावर किंचित थरथरतात, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. शेवटच्या ओळीला त्या डावा हात छातीवर ठेवतात, हेही. भीमनगरातल्या प्रत्येक शेजाऱ्याला जे ठाऊक होतं, ते साहेबराव आज पहिल्यांदा ऐकत होते, मांडवातली सगळ्यात जवळची जागा पटकावून.

गाणं संपत आलं. शेवटचा धा. साहेबरावांनी दोन्ही हात उचलले. एकदम.

तो धा काय पडला म्हणता! मोतीराम मास्तरांच्या तोंडून "हाय्!" निघालं आणि त्यांनी थरथरता पंजा सतरंजीवर आपटला.

सतरंज्या गोळा होऊ लागल्या तेव्हा गोजरबाई खिरीची वाटी घेऊन आल्या. या वेळी डब्यातली नव्हती, पातेल्यातली होती, गरम.

"झालं बरं का गाणं," त्या म्हणाल्या.

"झालं," साहेबराव म्हणाले. वाटी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. "ते तिसऱ्या कडव्यात तू जराशी थरथरली ना? तेवढं तसंच ऱ्हाऊ दे. पुढल्या वर्षी मी तिथं ढोलकी अजून हळू करतो."

"पुढल्या वर्षी?" मागून पारूबाई ओरडल्या. "बुद्धपौर्णिमा महिन्यावर आलीय, भाऊजी! आनि तवाच्या गाण्याला दादऱ्याचा ठेका हाय, केरव्याचा नाय!"

साहेबरावांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर हसत होते. त्यांनी आपल्या मांडीवर बोट टेकवलं आणि हळूहळू, अगदी हळू, पहिला बोल द्यायला सुरुवात केली.